हात वर केला की थांबायचं

१४ मार्च

स्प्रिंग बसवून आज चोवीस दिवस. क्वार्टरच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, दोनदा. चालत. घड्याळ लावलं नाही, लाज वाटली.

स्टेंट हा शब्द इथे कुणी वापरत नाही. येणारा-जाणारा "स्प्रिंग बसवली म्हणे" एवढंच विचारतो. मी कॉलेजात तीस वर्षं वर्कशॉप शिकवतोय, स्प्रिंग कशाला म्हणतात ते मला कळतं. ही जाळी आहे. पण समजावणं सोडून दिलं. लातूरहून अण्णाचा फोन: "बसू, आता उड्या मारत पळशील की रं." थोरला भाऊ, सत्तरीला आला, टिंगल जात नाही. पण त्यानेच मला लातूरच्या दवाखान्यात नेलं आणि तीन दिवस बाहेरच्या बाकावर झोपला. टिंगल करायचा त्याला हक्क आहे.

१७ मार्च

रज्जाकभाई येऊन गेले. फाट्यावर टायरचं दुकान आहे त्यांचं. अकरा वर्षं आम्ही दोघं धरणाच्या रस्त्यावर सकाळी पळतोय. ते अठ्ठावन्न, मी छप्पन्न.

त्या सकाळचं पुन्हा निघालं. सहावी फेरी चालू होती, माझी खालची दाढ दुखायला लागली. मी म्हणालो, संध्याकाळी दातवाल्याकडे जातो. ते म्हणाले, "उस्ताद, दाढ पळताना दुखती अन् थांबल्यावर राहती, असं कवा ऐकलं न्हाई. बसा गाडीवर." बसलो. दातवाल्याकडे गेलो असतो तर एव्हाना दाढ शाबूत राहिली असती, मी नसतो.

मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "चाय पाजा, बिनसाखरेची." बायकोने, महानंदाने, पाजली.

२६ मार्च

बूट सापडत नाहीत. दोन्ही जोड.

"माळ्यावर हायत," महानंदा म्हणाली.

माळ्यावर कशाला?

"धूळ बसू नये म्हनून."

आमच्या घरात धूळ माळ्यावरूनच खाली येते. सध्या तेलाच्या बुधलीपासून माझ्या श्वासापर्यंत सगळ्यावर तिचा पहारा आहे. भाजी नुसती उकडलेली. खातो गुपचूप.

एक गोष्ट मात्र लक्षात येतेय. सकाळी मी पूजेला बसलो की ती उठून स्वयंपाकघरात जाते. लग्न झाल्यापासून आम्ही शेजारी बसतो, आपापल्या गळ्यातलं इष्टलिंग डबीतून काढून, डाव्या तळहातावर घेऊन. आता माझी पूजा उरकली की मग ती बसते. रागावली आहे. रागावली असेल तर कधीतरी बोलेल. बत्तीस वर्षांत ती फार दिवस गप्प राहिलेली मी पाहिली नाही.

४ एप्रिल, लातूर

तपासणी. डॉक्टर मॅडम तिशी-पस्तिशीच्या, पुण्याकडच्या. पहिल्यांदाच निवांत बोलल्या.

"व्यायाम काय होता तुमचा?"

"मी पळून राहिलो मॅडम, एकोणतीस वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणापासून?"

अण्णा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा हसला. मग त्यानेच त्यांना सांगितलं की आमच्याकडे पळून राहिलो म्हणजे पळतो आहे. मॅडमही हसल्या. हसल्यावर मला धीर आला आणि विचारून टाकलं, स्पर्धेत पळता येईल का परत? मी पाच हजार मीटरवाला. ज्येष्ठांच्या स्पर्धेत दोनदा पदक आहे.

"नाही म्हणत नाही. आज हो पण म्हणत नाही. आधी चाला. मे महिन्यात फिरत्या पट्ट्यावर पळवून बघू."

महानंदा शेजारीच बसली होती. खिडकीबाहेर बघत होती.

नाही म्हटलं नाही! गंजगोलाईच्या बाजारात अण्णाने उसाचा रस देऊ केला, मी फक्त वास घेतला. तेवढ्यानेही बरं वाटलं.

५ एप्रिल

चालताना डबी वाजत नाही.

हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. लिंगाची चांदीची डबी माझ्या छातीवर असते, वयाच्या आठव्या वर्षापासून. पळताना ती हाडावर आपटते, टक् टक्. त्यावरूनच मी वेग ओळखतो. लोक घड्याळ बघतात, मी डबी ऐकतो. चालताना ती नुसती लोंबते.

ती अंगावेगळी करायची नाही असं वडिलांनी सांगितलेलं. एकदाच गळ्यातून काढली. त्या दिवशी, टेबलावर. आतला माणूस म्हणाला, गळ्यातलं काढा, चित्रात येतं. उजव्या मनगटातून तार जाणार होती, तो हात बांधलेला. मग मी डबीतून लिंग काढून डाव्या मुठीत धरलं. तिथे घड्याळ होतं, त्याच्या टकटकीवर मी मनात जप करत होतो. नंतर गुंगीचं औषध दिलं. फार काही आठवत नाही. मूठ गरम होती एवढं आठवतं.

२ मे

सकाळी सहालाच रस्ता तापलेला. पाच किलोमीटर चाललो, सावली धरून.

वर्कशॉपमध्ये लेथवरचा बुरा काढताना बोट कापलं. बारीक चीर, पण रक्त थांबेना. पातळ करायची गोळी चालू आहे ना. हाताखालच्या शिंदेने बोट दाबून धरलं, बावीस मिनिटं, आणि तेवढा वेळ मला निवडणुकीवर भाषण दिलं. बोटापेक्षा भाषण जास्त लागलं. भला माणूस.

१८ मे, लातूर

पट्ट्यावर पळवलं. छातीला दहा तारा. पट्टा आधी सपाट, मग चढ, मग आणखी चढ. मॅडम पडद्याकडे, मी मॅडमच्या चेहऱ्याकडे. दाढ दुखली नाही. काहीच दुखलं नाही. पट्टा थांबल्यावर त्यांनी "छान" म्हटलं आणि मला रडू आलं. घामात खपून गेलं.

हळू पळायची परवानगी. नाडी एकशेवीसच्या वर न्यायची नाही.

महानंदाला बाहेर येऊन सांगितलं. "बरं," म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

२० मे

दोनशे मीटर.

एवढंच. धरणाच्या भिंतीकडून बाभळीपर्यंत. टक् टक् टक्. ऐकून राहिलो होतो नुसता. रज्जाकभाई शेजारून जवळजवळ चालतच होते. बाभळीपाशी थांबलो तर त्यांनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली. मी डबीला हात लावला. मग दोघंही उगाच इकडेतिकडे बघत बसलो.

७ जून

लेकीने हैदराबादहून नाडी मोजायचा पट्टा पाठवलाय. छातीला बांधायचा, आकडा मनगटावर दिसतो. आज बांधून निघालो. पाच मिनिटांत आकडा एकशेअठ्ठ्याऐंशी! कडेच्या दगडावर बसलो. आता गेलो, महानंदाला काय सांगणार, असं सगळं येऊन गेलं मनात.

रज्जाकभाईंनी मनगट धरलं, स्वतःच्या घड्याळाकडे बघत मोजलं. "एकशे चौदा. उस्ताद, घड्याळ झूठ बोलून राहिलं."

दोघांनी शोध लावला. डबी पट्ट्यावर आपटत होती. पट्ट्याला वाटलं ते काळीजच. तीस वर्षं पोरांना शिकवतो की माप चुकलं तर आधी यंत्र कसं धरलंय ते बघा.

८ जून

घरी सांगितलं नव्हतं, की पळतोय. "चालून येतो" एवढंच म्हणून निघायचो. बूट माळ्यावरून मीच काढून रज्जाकभाईंच्या दुकानात ठेवले होते. छप्पन्न वर्षांचा माणूस बूट लपवतो.

आज महानंदाने बनियन धुवायला घेतलं आणि पाठीवरची मिठाची रेघ मला दाखवली. चालण्याने एवढं मीठ येत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. मी तयारीत होतो, आता ओरडणार. ओरडली असती तर बरं.

"पळा नाहीतर चाला. मला सांगू नका."

पूजेच्या वेळी आजही स्वयंपाकघरात.

२० जुलै

पाच किलोमीटर न थांबता! चौतीस मिनिटं. पूर्वी एवढ्या वेळात पळून, अंघोळ करून, न्याहारीला बसायचो. तरी आज वाटलं तेवढं पदक मिळालं तेव्हा वाटलं नव्हतं. धरणाचे दरवाजे उघडलेत, बघायला गर्दी. एका कणीसवाल्या मावशीने विचारलं, "कोन मागं लागलंय का दादा?" कुणी नाही म्हटलं. "मग सावकाश जा की."

सगळ्या जगाने डॉक्टरी पास केली आहे.

१२ ऑगस्ट

लातूरला डिसेंबरात स्पर्धा. आपल्या भागातल्या ज्येष्ठांची, जिल्हा मैदानावर. पंचावन्नच्या पुढच्या गटात पाच हजार मीटर. फॉर्म आला. खाली दोन रकाने: हृदयाचा आजार असल्यास डॉक्टरांचा दाखला. आणि घरच्या व्यक्तीची संमती, सही.

जेवताना पुढे ठेवला. महानंदाने पूर्ण वाचला. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही.

"मी सही करायची न्हाई."

का पण? डॉक्टर हो म्हणतील.

"दवाखान्यात घेतली होती की माझी सही. काय झालं तर आमी जबाबदार न्हाई, असं लिहिलेल्यावर. एकदा केली. बास."

भाकरी अर्धी ठेवून उठली. तिचं बरोबर आहे. माझंही चूक नाही. या दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही.

३० ऑगस्ट, लातूर

मॅडमनी दाखला दिला. पुन्हा पट्टा, पुन्हा तारा, या वेळी पूर्ण दमेपर्यंत. नाडी एकशेपन्नासच्या आत, गोळ्या एकही चुकवायच्या नाहीत, जबडा, हात, छाती, कुठेही दुखलं की तिथेच थांबायचं. शेवटी विचारलं, "घरी विचारलंत?"

विचारून राहिलो, म्हटलं. या वेळी त्यांना कळलं.

१४ सप्टेंबर

अण्णाचा फोन. "आरं, घरची व्यक्ती म्हंजे बायकूच कुठं लिहिलंय? मी काय दारचा हाय का? मी करतो सही." आणि खरंच, फॉर्म मागवून घेऊन, झोकदार सही ठोकून परत पाठवला.

नियमात बसतं. या वहीत घडी करून ठेवलाय. रोज वही उघडली की दिसतो. काही तरी चोरल्यासारखं वाटतं.

५ ऑक्टोबर

आज सगळं कळलं.

सकाळी पूजेला बसलो. ती नेहमीसारखी उठली. मी म्हणालो, महानंदा, माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ, पूजेवर कशाला? आठ महिने झाले, तू शेजारी बसत नाहीस.

ती दारात थांबली. माझ्या हाताकडे बोट केलं. तळहातावर लिंग होतं.

"ते बघवत न्हाई मला."

मला कळेना. मग ती बोलायला लागली आणि थांबेना.

"तुमाला बाहेर आनलं. डोळे झाकलेले. तोंड पांढरंफटक. अन् डाव्या मुठीत लिंग. उदगीरला माझ्या बापूंना खड्ड्यात बसवलं, तवा त्यांच्या हातात असंच दिलं होतं. मी बघितलंय ते. मला वाटलं, गेले. आत कुनीतरी आपल्यातलं असंल, जाणकार, त्यानं दिलं असंल हातात. त्या दारापासून लिफ्टपर्यंत मी एकटी होते. तुमी नव्हताव. मग ती नर्स म्हनली, मावशी, साहेब झोपलेत, उठले की चहा पाजा."

आणि मग ती जी रडली.

हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. एकदाही नाही. मी पूजेला धरतो तसं धरलं होतं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या हातात त्याचं लिंग देऊन. रोजची पूजा ज्या हातावर, शेवटची सोबतही त्याच हातावर. हात तोच. आतून मला पूजा दिसत होती, बाहेरून तिला दुसरं दिसलं. टेबलावर चढण्याआधी तिच्या हातात दिलं असतं तर? अंगावेगळं करायचं नाही म्हणून नाही दिलं. आणि आठ महिने मी हिला रागावलेली समजत होतो!

"अगं, मी तर पूजा करून राहिलो होतो," मी म्हणालो.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. खरंच, तिला काय माहीत.

मग मी वही उघडली, अण्णाच्या सहीचा फॉर्म काढला, तिला दाखवला आणि फाडला. नाही पळत, म्हटलं. मनापासून म्हटलं. तिने तुकडे गोळा केले, केरात टाकले, आणि कुकर लावायला गेली.

६ ऑक्टोबर

ती आज पूजेला शेजारी बसली. माझ्या हाताकडे बघितलं नाही, पण बसली. बास झालं. याच्यापुढे पाच हजार मीटर काय.

(खरं सांगायचं तर दुपारी एकदा वाईट वाटलं. वर्कशॉपच्या मागे जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.)

२ नोव्हेंबर

दिवाळीची आवराआवर. माळा काढला. महानंदा शिडीवर, मी खाली धरून. जुने स्पाइक्स सापडले, ते तिने फडक्याने पुसले. पुसतापुसता म्हणाली:

"तो फॉर्म दुसरा मिळंल का?"

मी शिडी सोडायचाच बाकी होतो.

"एक अट हाय. मी तितं येनार. मी हात वर केला की थांबायचं. पळत असाल तितं, जागच्या जागी. पुढं एक पाऊल न्हाई."

हाव, कबूल, म्हटलं.

"पयला नंबर असला तरी."

पहिला नंबर माझ्या बापाच्यानं येत नाही आता, म्हटलं. तरी हाव.

शिंदेच्या ओळखीने फॉर्म मिळाला. तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट. रकान्याबाहेर गेलं थोडं.

१६ नोव्हेंबर

आमच्या बाईंनी परीक्षा घेतली. न सांगता रिक्षाने धरणावर आल्या. मी पळत येतोय, या कडेला उभ्या, हात वर. थांबलो. हात खाली. निघालो. शंभर पावलांवर पुन्हा हात वर. थांबलो. असं चारदा. रज्जाकभाई बसून हसायला लागले. "भाभी, ट्राफिकमधे भरती व्हा."

"बघून घेतलं," ती म्हणाली. "शब्द पाळतेत का ते."

जाताना त्याच रिक्षाने मला घरी न्यायला लागली. म्हटलं, मला पळत येऊ दे. बराच विचार करून "या" म्हणाली.

१३ डिसेंबर, लातूर

अण्णाकडे मुक्काम. वहिनींनी हुरड्याचं थालीपीठ केलं, माझ्या ताटात बिनतेलाचं. अण्णा फाडलेल्या सहीवरून अजून रुसलेला. "माझी सही बँकेत चालती अन् तुला चालत न्हाई."

जेवण झाल्यावर महानंदाने पिशवीतून माझं बनियन काढलं. आतून, डाव्या खांद्याखाली, तिने छोटा खिसा शिवला होता. दुहेरी शिवण. "डबी यात. म्हंजे पट्ट्यावर आपटनार न्हाई, आकडा खरा येईल. अंगावेगळी पन होनार न्हाई."

कधी शिवलास?

"जूनमधे. तुमी त्या दगडावर बसला होताव म्हनं, रज्जाकभाईंनी सांगितलं तवा."

म्हणजे "मला सांगू नका" म्हणाली त्याच दिवसांत. सहा महिने बनियन कपाटात होतं. या बाईचं काय करायचं. काही करायचं नाही. हिच्यासारखी मिळाली हे माझं नशीब, एवढं लिहून ठेवतो.

१४ डिसेंबर, लातूर

क्रमाने लिहितो, नाहीतर गडबडेन.

सात जण. थंडी चांगली. महानंदा पायऱ्यांवर तिसऱ्या ओळीत, शालीत गुंडाळलेली. अण्णा शेजारी. साडेबारा फेऱ्या.

पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यात मागे. डबी खिशात, आवाजच नाही. नुसते पाय आणि श्वास. आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. नाडी १३८. प्रत्येक फेरीला पायऱ्यांकडे बघायचो. हात खाली. पाचव्या फेरीला सहावा, सातव्या फेरीला चौथा. आठव्या फेरीला एक परभणीचा गडी ढेपाळला, मी तिसरा! १४६. जबडा ठीक, हात ठीक. मनात आलं, ब्राँझ. छप्पन्नाव्या वर्षी, जाळी घेऊन, ब्राँझ.

नववी फेरी. पायऱ्यांसमोर आलो. हात वर.

डावा हात. सरळ डोक्याच्या वर.

थांबलो. जागच्या जागी. मागचा जवळजवळ अंगावर आला, शिवी देऊन गेला. त्याच्यामागचाही गेला. पंच ओरडला, काय झालं? मी छातीला हात लावून बघतोय, काही नाही. १४५. मला काही होत नाही, पण तिला काही तरी दिसलं असेल. बाहेरून तिला दिसतं ते मला दिसत नाही, हे मी शिकलोय.

तेवढ्यात महानंदा पायऱ्यांवरून खाली. एक चप्पल वरच राहिली. कठड्याला येऊन एवढ्या जोराने ओरडली की पंचाने शिट्टी खाली घेतली.

"थांबलाव कशाला? पळा की!"

"हात वर केलास ना!"

तिने मूठ उघडून दाखवली. तळहातावर तिचं स्वतःचं लिंग होतं. माझ्यासाठी डोक्यावर घेऊन बसली होती. नमस्कार करत होती. डाव्या हाताने, जसा करतो तसा.

"देवाला हात केला होता! तुमाला न्हाई! पळा! आवो पळा!"

पळालो. कसा पळालो ते आठवत नाही. १४९ पर्यंत गेला आकडा, पुढे नाही. पाचवा आलो. सव्वीस मिनिटं चार सेकंद. तिसरा आलेला माझ्यापेक्षा अकरा सेकंदांनी पुढे. थांबलो होतो पंधरा-वीस सेकंद तरी. अण्णा हिशेब मांडून हळहळला.

मी हळहळलो नाही. बत्तीस वर्षांत महानंदाने मला मनापासून "पळा" म्हटलं, पहिल्यांदा. अख्ख्या मैदानासमोर, एक चप्पल घालून.

१५ डिसेंबर

एसटीने परत. ती खिडकीशी. अहमदपूरच्या पुढे म्हणाली, "माझ्यामुळं गेलं तुमचं." मी म्हणालो, तुझ्यामुळे थांबलो आणि तुझ्यामुळेच निघालो, बरोबरी झाली. ती हसली. मग नांदेडपर्यंत माझ्या खांद्यावर झोपली. खांद्याला मुंग्या आल्या, हलवला नाही.

फाट्यावर रज्जाकभाईंनी पेढे वाटले. पाचव्या नंबराचे. मला एक, तोही अर्धा.

२७ डिसेंबर

पहिल्या पाचांना राज्याच्या स्पर्धेला जाता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. फॉर्म आलाय. तेच दोन रकाने. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, आधी वर्षाची तपासणी होऊ दे, मग बघू. म्हणजे तिकडूनही अजून हो नाही.

सकाळी दोघं पूजेला बसलो. आपापल्या हातावर घेऊन. आज तिने माझ्या तळहाताकडे नीट बघितलं, बराच वेळ. मग डोळे मिटले. पूजा झाल्यावर लिंग डबीत घालताघालता म्हणाली:

"ह्या खेपेला गोंधळ नको. डावा हात वर, तर पळायचं. उजवा वर, तर थांबायचं. ध्यानात राहील?"

राहील. पण उजवा कधी वर करशील?

"ते माझं मी बघीन."

फॉर्म देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. सही अजून केलेली नाही. पेन चालत नाही म्हणते. वर्कशॉपमधून उद्या चार आणतो.